आधी मूल्य, मग रंग : मण्यांच्या दागिन्यांत राखाडीचा वापर

घरातल्या जुन्या कृष्णधवल छायाचित्रात आजीची नथ पाहिली, तर मोती लगेच ओळखू येतात. लाल खडा कुठे संपतो आणि हिरवा कुठे सुरू होतो, हे मात्र सहसा कळत नाही. रंग वेगळे असले तरी त्या दोन खड्यांचे रंगमूल्य, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पट्टीवरचे त्यांचे स्थान, जवळपास सारखे असते. हाताने दागिने घडवताना हे मूल्य रंगाच्या आधी तपासावे, आणि ते मोजण्यासाठी राखाडी हेच सर्वांत सोपे माप आहे.

अमेरिकन चित्रकार अल्बर्ट मन्सेल यांच्या रंग मोजण्याच्या पद्धतीत ही पट्टी 0 (काळा) ते 10 (पांढरा) अशी असते. आपल्या कामाला पाच पायऱ्या पुरतात. काळा आणि पांढरा पोस्टर रंग मिसळून जाड कागदावर पाच चौकोन रंगवावेत. मणी मध्यम राखाडी कापडावर या पट्टीशेजारी मांडून, डोळे अर्धवट मिटून पाहावेत किंवा मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढावा. जे मणी एकमेकांत विरघळतात, त्यांचे मूल्य एकच समजावे. बेळगावचा पावसाळा दागिने विकायला वाईट, पण या कामाला उत्तम, कारण ढगाळ उजेडात चकाकी डोळ्यांना फसवत नाही.

तीव्र विरोध काय साधतो, हे पाहायला लांब जावे लागत नाही. बीदरच्या कारागिरीत जस्त-तांब्याच्या मिश्रधातूवर चांदी जडवतात आणि किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या द्रावणाने धातू काळा करतात. चांदी मात्र उजळच राहते, म्हणून बारीकशी वेलही लांबून दिसते. मंगळसूत्रातही काळ्या पोतीमुळेच सोन्याच्या वाट्या उठून दिसतात. पण अशी टोकाची जोडी संपूर्ण माळेत सारख्या प्रमाणात वापरली, तर नजर कुठेच ठरत नाही. माझ्या मते माळेचा बहुतेक भाग शेजारशेजारच्या राखाडी मूल्यांत ठेवावा आणि सर्वांत गडद व सर्वांत उजळ मणी फक्त पदकाजवळ एकत्र आणावेत.

राखाडी मात्र शेजाऱ्याच्या रंगाने बदलतो. पॅरिसमधील गोबेलिन्स या विणलेल्या भित्तिचित्रांच्या कारखान्यातील रंगाईचे प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी 1839 साली हा परिणाम सविस्तर मांडला होता. सोनेरी मण्याशेजारी तोच राखाडी निळसर-जांभळट भासतो, तर इरकलीच्या लाल पदरावर किंचित हिरवट. म्हणून बेळगावच्या खडेबाजारात राखाडी मणी घ्यायला जाताना सोनेरी मणी आणि साडीचा तुकडा सोबत न्यावा.

हेमटाइटसारख्या (काळपट लोहखनिजाच्या) चकचकीत मण्याचे मूल्य प्रकाशासोबत बदलत राहते. ते स्थिर हवे असेल, तर मॅट, म्हणजे बिनचकाकीचे, मणी निवडावेत. चांदीवर राखाडी आणायचा असेल, तर लिव्हर ऑफ सल्फर या चांदी काळवंडवणाऱ्या गंधकयुक्त रसायनाच्या कोमट, पातळ द्रावणात, हवेशीर जागी आणि हातमोजे घालून ती बुडवावी. आम्ल मात्र जवळही नसावे, कारण त्याच्याशी संयोग होऊन विषारी वायू निघतो. रंग पिवळा, तपकिरी, निळसर असा बदलत हव्या त्या राखाडीवर आला, की दागिना लगेच थंड पाण्यात धुवावा, आणि उंच भाग कापडाने घासून पुन्हा उजळ करावेत, म्हणजे खोलगट नक्षी गडद राहील. मोती आणि पोवळी या द्रावणात खराब होऊ शकतात, तेव्हा ती नंतरच ओवावीत.