ऑफिसचा संगणक बदलण्याआधी टास्क मॅनेजर उघडा

टॅली, एक्सेल, ईमेल आणि ब्राउझर यांवरच ज्यांचे दिवसभराचे काम चालते, त्यांच्या टेबलावर महागडा प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्ड बहुतेक वेळा नुसते बसून राहते. म्हणून नव्या संगणकाचे कोटेशन मागवण्यापूर्वी जुना नेमका कुठे अडतो, हे पाहावे.

कामाची गर्दी असताना, नेहमीच्या फाइली उघड्या ठेवून, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर, म्हणजे संगणकावरचा भार दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडावी आणि तिच्यातला परफॉर्मन्स हा भाग पाहावा. आधी मेमरीचा, म्हणजे चालू कामाची माहिती तात्पुरती ठेवणाऱ्या रॅमचा, आकडा पाहावा, कारण रॅम भरली की विंडोज तिच्यातला काही मजकूर डिस्कवर ठेवू लागते आणि मग दोष डिस्कचा आहे असे वाटते. मेमरी 90 टक्क्यांच्या आसपास असेल तर रॅम वाढवावी. साध्या कामाला 8 जीबी चालते, मात्र ब्राउझरचे वीस-पंचवीस टॅब उघडे राहत असतील तर 16 जीबी घ्यावी. डीडीआर 3 प्रकारच्या रॅमच्या जागी डीडीआर 4 प्रकारची बसत नाही, आणि काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच जोडलेली असते, हे खरेदीआधी तपासावे.

मेमरी मोकळी असून डिस्क 100 टक्क्यांवर आणि प्रोसेसर जेमतेम 15 टक्क्यांवर असेल, तर प्रोसेसर डिस्कची वाट पाहत आहे. जुन्या हार्ड डिस्कला फिरत्या तबकडीवर माहितीची जागा गाठायलाच साधारण 10 मिलिसेकंद लागतात, आणि संगणक सुरू होताना हजारो छोट्या फाइली वाचाव्या लागतात. एसएसडीला, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कला, ती तबकडीच नसते. तिथे एसएसडी बसवावी, पण त्याआधी बॅकअप न चुकता घ्यावा. एवढ्या खर्चात इतका फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही, असे माझे ठाम मत आहे.

हजारो ओळींत सूत्रे असलेल्या एक्सेल शीटमध्ये एक आकडा बदलताच प्रोसेसर 100 टक्क्यांवर जाऊन बराच वेळ तिथेच राहत असेल, तर मात्र वेगवान प्रोसेसर हवाच. विंडोज 10 चा नियमित सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट मिळणे, 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, आणि विंडोज 11 साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुना संगणक सुरक्षेसाठी बदललेलाच बरा.

उरलेल्या पैशांत दुसरा मॉनिटर घ्यावा. एका पडद्यावर जीएसटीचे बिल आणि दुसऱ्यावर लेजर ठेवून ताळमेळ घालणाऱ्याला दर नोंदीमागे खिडकी बदलावी लागत नाही.