तेबाल्दी ऐकायची कशी

इटालियन ऑपेरा गायिका रेनाता तेबाल्दी ऐकायची तर आधी पंखा बंद करा. आमच्या गिरगावच्या चाळीत हे रात्री अकरानंतरच जमतं. तोवर शेजारी मालिका चालू.

सुरुवात संगीतकार वेर्दीच्या 'ओतेल्लो' या ऑपेरातल्या 'आवे मारिया'ने, म्हणजे नायिका डेस्डेमोनाच्या प्रार्थनेने. पहिल्या ओळी जवळजवळ एकाच सुरावर, आमची आजी जप पुटपुटायची तशा. अर्थ शोधू नका, बाई श्वास कुठे घेतात तेवढं बघा. पुढे आवाज चढतो, पण टोचत नाही. तिथे व्हॉल्यूम वाढवायचा मोह आवरा (माझा एक स्पीकर त्यातच गेला).

चरित्र नंतर. रेनाता तेबाल्दी, जन्म १९२२, पेझारो. लहानपणी पोलिओ, १९४४ला रंगभूमीवर पदार्पण. युद्धानंतर १९४६ला मिलानचं ला स्काला ऑपेरागृह पुन्हा उघडलं, त्या मैफलीत वाद्यवृंद-संचालक तोस्कानिनींनी त्यांना गायला घेतलं. १९७३ला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये ऑपेराला निरोप दिला, तोही याच डेस्डेमोनाच्या भूमिकेत.

समकालीन गायिका मारिया कॅलसशी तुलना? महिनाभर तरी नको.