नागपुरात चढाव असलेल्या रस्त्यासाठी परवडणारी ई-सायकल कशी निवडायची

नागपूर सपाट आहे असं सगळेच म्हणतात, आणि मानेवाड्याहून बर्डीला जाणाऱ्यासाठी ते खरंही आहे. पण ज्यांचं ऑफिस सेमिनरी हिल्सवर आहे, किंवा घर हजारी पहाडकडे आहे, किंवा जे रोज फुटाळ्याहून वर टीव्ही टॉवरकडे जातात, त्यांच्यासाठी गोष्ट वेगळी होते. माझं ऑफिस सेमिनरी हिल्सवरच आहे, घर प्रतापनगरकडे, आणि मी ई-सायकल घेतली तेव्हा दुकानात एकच प्रश्न विचारत होते, "एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाते?" तो प्रश्नच चुकीचा होता, आणि तो चुकल्यामुळे माझी पहिली सायकल मला ११ महिन्यात विकावी लागली. म्हणून हे सगळं सविस्तर लिहून राहिले.

आधी एक सांगते, इथे ई-सायकल म्हणजे पॅडलवाली सायकल, जिला मोटर आणि बॅटरी आहे. बजेट ३० ते ४० हजारांच्या आसपास धरलं आहे.

आधी आपला चढाव मोजा, मग दुकानात जा

हे काम घरी बसून होते आणि फुकट होते. कॉम्प्युटरवर गूगल अर्थ प्रो टाका, आपल्या रस्त्यावर रेघ ओढा, त्या रेघेवर राईट क्लिक करून एलिव्हेशन प्रोफाईल उघडा, कुठे किती चढ आहे ते टक्क्यात दिसते. ५ टक्के म्हणजे १०० मीटर गेल्यावर ५ मीटर वर. एक लक्षात ठेवा, हे सॉफ्टवेअर जमिनीची उंची दाखवते, उड्डाणपुलाची नाही, त्यामुळे सदरचा किंवा वर्धा रोडचा पूल तुमच्या रस्त्यात असेल तर तो त्यात दिसणारच नाही, तो आपला आपण धरायचा. पुलाचा चढ बहुतेक करून हलकाच राहते, पण लांब राहते. आणि पूर्ण रस्त्याची सरासरी काढत बसू नका, सगळ्यात खडा तुकडा कोणता आणि तो किती लांब आहे एवढंच वहीत लिहा, कारण सायकल अडते ती तिथेच.

चढाव बॅटरी खात नाही, मोटरचा जीव काढतो

हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर पैसे वाचले असते. हिशोब साधा आहे. समजा तुमचं वजन ७०, सायकल २५, आणि बॅग-डबा-पाण्याची बाटली ५, झाले १०० किलो. हे १०० किलो ४० मीटर उंच चढवायला लागणारी ऊर्जा ११ वॅट-अवर, मोटरमध्ये वाया जाणारी धरली तर १५-१६. आणि ३६ व्होल्ट ७.८ अँपिअर-अवरची लहान बॅटरी घेतली तरी तिच्यात २८० वॅट-अवर असतात (व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर, बस). म्हणजे टेकडी चढण्यात बॅटरीचा जेमतेम ५-६ टक्के भाग गेला. मग मोठ्या बॅटरीसाठी ८-१० हजार जास्त कशाला द्यायचे?

अडचण आहे ताकदीची. तेच १०० किलो ५ टक्के चढावावर ताशी १२ किलोमीटरने न्यायचे तर साधारण २०० वॅट लागतात, ८ टक्के झाला की ३०० च्या जवळ. आणि आपल्याकडे लायसन-रजिस्ट्रेशन न लागणाऱ्या ई-सायकलच्या मोटरला २५० वॅटची मर्यादा आहे, वेगाला ताशी २५ किलोमीटरची. म्हणजे खड्या चढावावर मोटर एकटी पुरत नाही, उरलेलं तुमच्या पायांनी द्यायचं आहे, आणि धडधाकट माणूस आरामात ८०-१०० वॅट देऊ शकते. दोघं मिळून चढतात. नुसतं थ्रॉटल (स्कूटरसारखी हँडलवरची मूठ) पिळून बसलं तर वेग ६-७ वर येतो, आणि इतक्या कमी वेगात हब मोटर, म्हणजे चाकाच्या मधोमध बसवलेली मोटर, बॅटरीची बरीचशी वीज नुसती तापण्यात घालवते. माझ्या पहिल्या सायकलचं हेच झालं, सिंगल स्पीड, म्हणजे बिनगिअरची होती, चढावावर पॅडल जड जायचं म्हणून मी थ्रॉटलवरच चढायचे, आणि मे महिन्यात कंट्रोलर (मोटरला जाणारी वीज सांभाळणारा डबा) गेला.

मग दुकानात काय पाहायचं

टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, किती ते विचारा. न्यूटन-मीटरमध्ये आकडा सांगतील, नाही सांगता आला तर कंपनीच्या कागदावर पाहा, तिथेही नसेल तर ती सायकल चढावासाठी मी तरी घेणार नाही. २६ इंची चाकावर १०० किलो वजन ८ टक्के चढावावर न्यायला चाकापाशी साधारण ३० न्यूटन-मीटर लागते, १२ टक्क्याला ४३ च्या आसपास, यातून तुमच्या खड्या तुकड्याचा अंदाज बांधा. वजन जास्त असेल तर त्याच प्रमाणात वाढवा. माझे भाऊजी ९२ किलोचे आहेत, मी ज्या सायकलवर आरामात चढते तीच त्यांनी चालवली तर अर्ध्यात त्यांना सगळ्यात खालच्या गिअरवर जाऊन जोर लावावा लागला. म्हणून दुसऱ्याचा रिव्ह्यू वाचताना त्याचं वजन किती हे माहीत नसेल तर त्या रिव्ह्यूचा चढावासाठी उपयोग नाही.

गिअर पाहिजेतच, निदान ७. मागच्या चाकातली हब मोटर तुमच्या चेनच्या गिअरमधून जोर देत नाही, ती थेट चाक फिरवते, पण गिअर तुमच्या पायांसाठी आहेत, आणि वर सांगितलं तसं चढावावर पाय लागतातच. पॅडलजवळ बसणारी मोटर गिअरमधून जोर देते म्हणून चढावाला ती सगळ्यात चांगली, पण ती या बजेटमध्ये बसत नाही, ते सोडून द्या.

हब मोटर मागच्या चाकात असलेली घ्या. चढावर वजन मागे जाते, पुढचं चाक हलकं होते, आणि गिट्टी-वाळू असली की पुढची मोटर जागीच फिरते. हबमध्येही दोन प्रकार आहेत, आत गिअर असलेली लहान मोटर आणि बिनगिअरची मोठी थाळीसारखी. चढावाला आतल्या गिअरवाली. ओळखायचं कसं, तर पॉवर बंद करून मागचं चाक उचला आणि पुढच्या बाजूला फिरवा, मोकळं फिरलं तर गिअरवाली, अडखळत अडखळत फिरलं तर दुसरी. आणि कोणी म्हणालं की उताराला बॅटरी आपोआप चार्ज होते, तर गिअरवाल्या हबमध्ये ते होतच नाही, आतली क्लच मोटरला चाकापासून सोडवते.

चाकाचा आकार लोक दिसण्यावरून ठरवतात. तीच मोटर २९ इंची चाकापेक्षा २६ इंचीमध्ये जास्त जोर देते, साधारण दहावा भाग तरी. चढाव असेल तर लहान चाक बरं.

सेन्सरबद्दल थोडक्यात. स्वस्त सायकलीत पॅडल फिरतं आहे की नाही एवढंच कळणारा सेन्सर राहते, तो चालतो, फक्त चढावावर सुरुवात करताना अर्धा फेरा उशिरा मोटर लागते, म्हणून चढ सुरू व्हायच्या आधीच खालच्या गिअरमध्ये या. जोर ओळखणारा टॉर्क सेन्सर मिळाला तर उत्तमच.

ब्रेक दोन्ही चाकांना डिस्क, आणि लिव्हर दाबताच मोटर बंद करणारा कट-ऑफ. जेवढं वर चढलात तेवढंच २५ किलोची सायकल घेऊन खाली यायचं आहे, पावसात तर फुटाळ्याकडे उतरताना हे जाणवतेच. यात पैसे वाचवू नका.

बॅटरी, आणि आपला उन्हाळा

लेड-ॲसिड बॅटरीची सायकल स्वस्त पडते, पण जड असते आणि जडपणा चढावावर मोजावा लागतो, घेऊ नका. लिथियम घ्या, आणि काढता येणारी घ्या, हे नागपुरात माझ्या मते रेंजपेक्षा महत्त्वाचं आहे. लिथियम-आयन बॅटरी चार्ज करायची वरची मर्यादा साधारण ४५ डिग्री आहे, आणि मेअखेरच्या नवतपात आपल्याकडे सावलीतच ४५ राहते, टिनाच्या शेडखाली विचारूच नका. म्हणून बॅटरी काढून ऑफिसात आत न्यायची, घरी आल्या आल्या चार्जिंगला लावायची नाही, कूलरच्या खोलीत तासभर थंड होऊ द्यायची आणि मग लावायची, किंवा सरळ पहाटे. उन्हाळ्यात सुट्टीवर जाणार असाल तर पूर्ण भरून ठेवू नका, अर्धी ठेवा.

रेंजचा हिशोबही स्वतः करा. पॅडल मारत चालवलं तर किलोमीटरला ८ ते १२ वॅट-अवर, नुसत्या थ्रॉटलवर १५ ते २०. म्हणजे २८० वाली पॅडलवर २५-३० किलोमीटर देईल, कागदावर काहीही लिहिलं असो. माझं जाणं-येणं मिळून १६ होते, मला ती पुरली. वीजेचं म्हणाल तर एका पूर्ण चार्जला अर्धा युनिटही लागत नाही, युनिटला १० रुपये धरले तरी ४-५ रुपयात भागते.

चालवून पाहा, पण दुकानासमोर नाही

दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर कोणतीही ई-सायकल मस्तच पळते. दुकानदाराला विनंती करा की चढावावर न्यायची आहे, गाडीचे कागद किंवा डिपॉझिट ठेवा, सोबत त्यांचा माणूस येऊ द्या, पण आपल्याच चढावावर, आपली बॅग लटकवून, बॅटरी अर्धी असताना चालवा. अर्धी यासाठी की भरलेल्या बॅटरीवर सगळ्याच सायकली जोरदार वाटतात. खड्या तुकड्याच्या मधोमध थांबा आणि तिथूनच पुन्हा सुरुवात करा, कारण रोज कधी ना कधी ऑटोवाला समोर थांबणारच आहे. तिथून निघता आलं तर सायकल तुमच्या कामाची. वर पोचल्यावर हबला हात लावा, कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर मोटर कमी पडून राहिली आहे.

सेकंडहँड घेत असाल तर हीच चाचणी बॅटरीचीही होते. चढावावर डिस्प्लेवरच्या बॅटरीच्या दोन दांड्या गायब होतात आणि सपाटीवर परत येतात, असं झालं तर आतले सेल थकले आहेत. मल्टिमीटर असेल तर फुल चार्जनंतर ३६ व्होल्टच्या बॅटरीवर ४१-४२ व्होल्ट दिसले पाहिजेत.

बिनलायसनच्या छोट्या स्कूटीचं काय

पुष्कळ जण विचारतात. त्या स्कूटीलाही २५० वॅटची आणि २५ च्या वेगाची तीच मर्यादा आहे, पण वजन दुप्पट-तिप्पट आणि पॅडल नाही, म्हणजे चढावावर मदतीला पायही नाहीत. सपाट वस्तीत भाजी आणायला ठीक, सेमिनरी हिल्सला डबल सीट नाही. रोज कोणाला मागे बसवायचंच असेल तर नंबर प्लेटवाली मोठी ई-स्कूटर पाहा, आणि तिच्या कागदावर चढण्याची क्षमता अंशात आहे की टक्क्यात ते नीट वाचा, ७ अंश म्हणजे १२ टक्के होतात, दोन कंपन्यांचे आकडे तसेच समोरासमोर ठेवले तर फसगत होते.

पैसे देण्याआधी

नवी बॅटरी आज केवढ्याला पडते ते विचारा आणि तो आकडा किमतीत मनातल्या मनात मिळवा, कारण काही वर्षांनी ती घ्यावीच लागते. कंट्रोलर आणि डिस्प्ले नागपुरातच मिळतात की पुण्याहून मागवावे लागतात तेही विचारा, माझी पहिली सायकल एका कंट्रोलरसाठी पाच आठवडे दुकानात पडून होती आणि तेवढे दिवस मी ऑटोने गेले. बॅटरी, मोटर आणि चार्जर यांची वॉरंटी वेगवेगळी राहते, तिन्ही बिलावर लिहून घ्या, आणि बॅटरीवरचा सिरीयल नंबर बिलावर तोच आहे ना, हे दुकानातच ताडून पाहा.