मिलियन, बिलियन, टीएमसी : आकडे वाचताना या चुका टाळा

नाशिककरांना मिलियन पावसाळ्यात भेटतो, तोही वेश पालटून. गंगापूर धरणाची क्षमता एका बातमीत सुमारे 5,600 दलघफू असते, दुसरीत 5.6 टीएमसी. दोन्ही एकच. दलघफू म्हणजे दशलक्ष घनफूट आणि टीएमसी म्हणजे थाउजंड मिलियन क्युबिक फीट. यातल्या शेवटच्या ‘सी’ला घनमीटर समजू नका. एका घनमीटरात सुमारे 35 घनफूट मावतात, म्हणजे जायकवाडीला सोडलेलं पाणी कागदावर तेवढ्या पटीनं फुगेल! दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर, हे माप वेगळं: 1 टीएमसी म्हणजे 28.3 दलघमी.

खिशाला चाट लावणारी चूक मात्र मिलियनला कोटी समजण्याची. मिलियन म्हणजे 10 लाख, कोटीचा दहावा हिस्सा. मिलियनचे कोटी करताना एक शून्य खोडा: 50 मिलियन म्हणजे 5 कोटी. बिलियनला उलट दोन शून्यं जोडा: 3 बिलियन म्हणजे 300 कोटी. बिलियनला आपला अब्ज चालतो, पण त्याच ओघात ट्रिलियनला खर्व म्हणून मोकळे होऊ नका. मराठीतला खर्व फक्त 10 अब्जांचा, ट्रिलियन म्हणजे 1 लाख कोटी. हिंदीतला खरब 100 अब्जांचा, त्यामुळे हिंदी पुस्तकावरून परीक्षेची तयारी करणारे इथे हमखास अडकतात.

इंग्रजी लिहिताना आकड्यामागे ‘मिलियन्स’ नको. ‘फाइव्ह मिलियन रुपीज’ बरोबर. नेमका आकडा नसेल तेव्हाच ‘मिलियन्स ऑफ पीपल’. हंड्रेड आणि थाउजंडलाही हाच नियम. स्वल्पविराम मात्र 1,000,000 असे द्या. परदेशी गिऱ्हाइकाला 10,00,000 ही टायपिंगची चूक वाटते.

द्राक्षं युरोपात पाठवणाऱ्यांनी आणखी सावध राहावं. डच आणि जर्मन भाषांत आपल्या 100 कोटींना ‘बिलियन’च्या जवळचा शब्द नाही, तिथे मिलियार्डच्या घराण्यातला शब्द आहे, त्यांचा बिलियनसारखा शब्द थेट 1 लाख कोटींचा. ब्रिटिश सरकारनंसुद्धा आकडेवारीत बिलियनचा आजचा, 100 कोटींचा अर्थ 1974 साली स्वीकारला, म्हणून त्याआधीच्या ब्रिटिश पुस्तकातला बिलियन तपासूनच घ्या. शिवाय डच कागदावर 1.500 किलो म्हणजे दीड किलो नव्हे, दीड हजार. तिकडे टिंब आणि स्वल्पविराम यांच्या जागा उलट असतात. शंका आली तर सौदा पक्का करण्याआधी रक्कम आणि वजन अक्षरी मागून घ्या.