कापून आलेल्या लाकडाचं घर: ट्रक येण्याआधीची तयारी

आधीच कापून, खाचा पाडून, तुकड्यातुकड्यावर नंबर टाकून आलेल्या किटमुळे घराचा सांगाडा भराभर उभा राहतो. मात्र जागेवर तासून जुळवून घ्यायची मुभा त्यात जवळजवळ नसते. म्हणून खरं काम माल येण्याआधीचं, आणि घर कमी वीज खाणारं हवं असेल तर अधिकच.

आधी घराचं तोंड ठरवा. लाकूड कापून झाल्यावर खिडकी सरकवता येत नाही. उत्तर गोलार्धातल्या थंड प्रदेशात मोठ्या काचा दक्षिणेला घ्याव्यात: हिवाळ्यातलं खाली उतरलेलं ऊन आत येतं, उन्हाळ्यातलं डोक्यावरचं ऊन पुढे काढलेल्या छपराने अडतं. पश्चिमेला काच कमीच बरी. संध्याकाळचं तिरपं ऊन छपराला जुमानत नाही. गरज असेल तर नकाशाची डावी-उजवी बाजू आत्ताच बदलून मागा. वारा, बर्फ, भूकंप यांचे भार तुमच्याच जागेसाठी तपासल्याची स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही आणि बांधकामाची परवानगी हातात येईपर्यंत कापणीला होकार देऊ नका.

मग पाया. इथे घाई अजिबात नको. 8 बाय 6 मीटरच्या चौथऱ्याचे दोन्ही कर्ण बरोबर 10 मीटर भरले पाहिजेत. एक 10.01 आणि दुसरा 9.99 आला, तर चारही बाजू मापात असूनही चौथरा तिरका आहे. भिंती उभ्या करताना हे नजरेतून सुटतं, छपराच्या कैच्या चढवताना उघडं पडतं, आणि तोवर काँक्रीट घट्ट झालेलं असतं. टेपचं एक टोक स्वतः धरा. चारही कोपऱ्यांची पातळी तपासा, अँकर बोल्टच्या (सांगाडा पायाला जखडणाऱ्या बोल्टच्या) जागा किटच्याच नकाशावरून टिपा. काँक्रीट आणि त्यावरचं पहिलं लाकूड यांच्यामध्ये ओल अडवणारा थर हवाच. वाळवीचा प्रदेश असेल तर तिचा बंदोबस्तही पायाबरोबरच करा.

माल उतरवायची जागा आधी मोकळी करा. ट्रक वळतो का तेही बघा. पावतीवर सही करण्याआधी नग यादीशी ताडून घ्या. जे आधी लागणार ते थप्पीत वर राहू द्या. थप्पी जमिनीपासून वीतभर उंच, थरांमध्ये एकाखाली एक येणाऱ्या पट्ट्या, वर ताडपत्री आणि बाजू उघड्या. चहूबाजूंनी गुंडाळलं की आत दमट हवा कोंडते. ओल मोजायचा मीटर जवळ असू द्या: भिंत बंद करताना सांगाड्यातली ओल 19 टक्क्यांच्या खाली हवी. लाकूड लांबीत फारसं आकसत नाही, रुंदीत आकसतं. ओलं असताना झाकलं तर सांध्यांना फटी पडतात आणि आत बुरशी धरते.

इन्सुलेशनच्या, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या थराच्या, जाडीवर सगळे बोलतात, सलगतेवर फार थोडे. लाकडातून उष्णता सावकाश जाते, तरी खनिज लोकरीच्या (दगडाच्या किंवा काचेच्या तंतूंच्या इन्सुलेशनच्या) मानाने साधारण तिप्पट जाते. म्हणजे प्रत्येक खांब ही उष्णतेची एक वाटच. त्यासाठी सांगाड्याच्या बाहेरून एक अखंड थर लावायचा आहे का, हे ऑर्डर देतानाच ठरवा, कारण त्याने खिडकीच्या चौकटीची खोली बदलते. बाष्परोधक पडदा (हवेतली वाफ भिंतीत शिरू न देणारा) थंड हवेत आतल्या बाजूला लागतो. उष्ण, दमट हवेत एसी चालणाऱ्या घराला तो तिथे घातक ठरतो. या पडद्याला वायरिंगसाठी भोकं पडू नयेत म्हणून त्याच्या आत 4-5 सेंटीमीटरची पोकळी सोडायला सांगा. पडद्याचे सांधे चिकटवायची टेप किटमध्ये येते का, हे विचाराच. घर इतकं बंद केल्यावर उष्णता राखून हवा बदलणारं यंत्रही हवं. त्याच्या नळ्यांचे मार्ग नकाशात आधीच दाखवा.

हत्यारं, मचाण, मदतीची माणसं ही तयारी नेहमीसारखीच.

एक तारीख मात्र आजच धरून ठेवा: हवाबंदपणाच्या चाचणीची. दारात पंखा बसवून आतल्या आणि बाहेरच्या हवेच्या दाबात 50 पास्कलचा फरक करतात. पॅसिव्ह हाऊसच्या (फार कमी ऊर्जा लागणाऱ्या घरांच्या मानकाच्या) निकषात तेव्हा तासाला घरातल्या हवेच्या 0.6 पटीहून जास्त हवा झिरपलेली चालत नाही. ही चाचणी पडदा लावून झाल्यावर, पण आतल्या फळ्या ठोकण्याआधी घ्या. पंखा चालू असताना कोपऱ्यांवरून, खिडक्यांच्या कडांवरून ओला हात फिरवा. जिथे गार झुळूक लागेल तिथे खूण करा आणि लगेच टेप लावा.