फाशीच्या केसमध्ये ज्युनिअर म्हणून काम करणार असाल तर

आमचे बाबा बेळगावच्या वडगावात पॉवरलूमवर. मालकानं पीएफ बुडवला तेव्हापासून घरात एकच डायलॉग, असल्यांना फासावर द्यायला पाहिजे. लॉला गेलो तेव्हा मी पण फाशीवालाच होतो, फक्त श्रीमंतांसाठी. मग सिनिअरबरोबर हिंडलगा जेलला गेलो, १९८३ मध्ये एक फाशी तिथंच झालेली, आणि आत बसलेला माणूस निघाला ऊसतोड्या. मालक लोक तिथवर पोचतच नाहीत, त्यांचे वकील आधी पोचतात.

हे माझं एकट्याचं म्हणणं नाही हं. सुप्रीम कोर्टाच्या बचनसिंग केसमध्ये (१९८०) 'दुर्मिळातली दुर्मिळ' ही कसोटी आली, म्हणजे अगदी अपवादाच्या केसमध्येच फाशी, त्यात न्या. भगवतींनी वेगळा निकाल दिला, १९८२ मध्ये कारणं लिहिली, की फाशी जास्त करून गरिबालाच होते. २०१६ च्या अभ्यासात फाशीच्या कैद्यांपैकी ७४.१ टक्के आर्थिकदृष्ट्या दुर्बल निघाले. बाबासाहेब तर ३ जून १९४९ लाच संविधान सभेत म्हणाले होते की ही शिक्षाच रद्द केलेली बरी.

आता कामाचं. आरोपी कस्टडीत असला की उत्पन्न कितीही असो फुकट वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा कायद्यातलं कलम १२, घरच्यांना हे पहिल्यांदा सांगा, नाहीतर ते म्हशी विकून बसतात. दोषी ठरल्यावर शिक्षेवर वेगळी सुनावणी असते आणि खरा घोळ तिथं होतो, वकील उठून 'गरीब आहे, लहान पोरं आहेत' एवढं बोलून बसतो, झालं! सुप्रीम कोर्टाच्या मनोज निकालापासून (२०२२) आरोपीचं सगळं आयुष्य कोर्टासमोर ठेवावं लागतं, मानसिक तपासणी, जेलमधली वागणूक, सगळं. म्हणून गावी जा. शाळेचा दाखला, रेशन कार्ड, दवाखान्याच्या चिठ्ठ्या गोळा करा, आईजवळ दोन तास बसा, पहिला तास ती नुसती रडते, तेव्हा वही काढू नका. कन्नड वाचता येत नसेल तर आत्ताच शिका, चार्जशीट कन्नडमध्ये, घरचे मराठीत बोलणार, मधे तुम्ही. सेशन्सनं दिलेली फाशी हायकोर्टानं कायम केल्याशिवाय देता येत नाही, म्हणजे आपली फाईल धारवाड बेंचला जाते, तिथं नवीन कागद घुसवायला लई त्रास, जे काय ते खाली सेशन्स कोर्टातच लावा.

गल्लीत लोक विचारणारच, "कुणाची बाजू घेऊलालास रे?" सवय होते.

बाबांशी वाद अजून चालूच आहे. परवा जेवताना म्हणाले, मग त्या मालकाचं काय करायचं तूच सांग. म्हटलं पीएफ वसूल करूया की, लटकवून काय मिळणार, आणि तो अर्ज मी कालच टाईप करून ठेवलाय.