लहान मुलाचा कान ठणकतो तेव्हा: तपासणी आणि औषधं

कोकणात ऐन पावसात पोराचा कान ठणकला की घरात आधी खोबरेल कोमट होतं, त्यात लसणाची पाकळी पडते. कृपा करून ते कानात घालू नका. तेलामुळे डॉक्टरांना पडदा नीट दिसत नाही. पडदा फुटलेला असेल तर तेल थेट मधल्या कानात उतरतं. शिवाय आपल्या दमट हवेत कानाच्या नळीत बुरशी धरायला वेळ लागत नाही.

हे दुखणं बहुधा सर्दीमागून येतं. मधला कान नाकामागे घशाला जोडणारी नळी लहानग्यांत आखूड आणि जवळजवळ आडवी असते. सर्दीने ती बंद झाली की पडद्यामागे पाणी साठतं आणि त्यात जंतू वाढतात. सहा महिने ते दोन वर्षं या वयात याचा त्रास सर्वांत जास्त. नुसतं कान ओढण्यावरून निदान मात्र होत नाही. वहाळात डुंबणाऱ्या मोठ्या मुलाची पाळी ओढल्यावर दुखत असेल, तर बिघाड बहुधा बाहेरच्या नळीत असतो आणि त्याचे उपचार वेगळे.

तपासताना मुलाला मांडीवर घ्या. एका हाताने त्याचे दोन्ही हात धरा, दुसऱ्याने कपाळ आपल्या छातीशी टेकवा. मूल हललं तर कानाच्या बाहेरच्या नळीला इजा होऊ शकते. मळ आड येत असेल तर डॉक्टर तो आधी काढतात, मग ऑटोस्कोपने, म्हणजे कानात बघायच्या दिव्याच्या उपकरणाने, पडदा बघतात. निरोगी पडदा करडा, मोत्यासारखा चमकदार असतो. जंतुसंसर्गात तो गढूळ होऊन बाहेर फुगतो. लाली एकटीच असेल तर ती पुरेशी खूण नाही, कारण रडण्यानेही पडदा लाल होतो. शंका राहिली तर रबरी फुग्याने हवा सोडून पाहतात: मागे पाणी असेल तर पडदा नीट हलत नाही.

उपचारात आधी वेदना थांबवायची. पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने. १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम, म्हणजे ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम असलेल्या बाटलीतून ६ मिली आणि २५० च्या बाटलीतून फक्त ३ मिली. चूक नेमकी इथेच होते, म्हणून लेबल वाचा आणि चमच्याऐवजी मापाची सिरिंज वापरा. साथीच्या दिवसांत डेंग्यूची शंका असेल तर आयबुप्रोफेन हे दुसरं वेदनाशामक टाळा.

अँटिबायोटिक प्रत्येकाला लागत नाही. दोन वर्षांवरचं मूल, दुखणं सौम्य, ताप ३९ अंश सेल्सिअसच्या खाली, कान वाहत नाही, अशा वेळी डॉक्टर ४८ ते ७२ तास वाट पाहू शकतात. सहा महिन्यांखालच्या बाळाला, जास्त तापाला किंवा वाहत्या कानाला मात्र लगेच सुरू करतात. सहसा अमॉक्सिसिलिन, दिवसाला किलोमागे ८० ते ९० मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून. दोन वर्षांखाली १० दिवस, त्यापुढे साधारण ५ ते ७ दिवस. दुखणं थांबलं म्हणून मधेच सोडू नका. तीन दिवसांत उतार नसेल तर पुन्हा दाखवा, औषध बदलावं लागतं.

कान फुटून पू आला की वेदना अचानक कमी होते. पडदा बहुतेकदा काही आठवड्यांत भरून येतो. तोवर डोक्यावरून आंघोळ आणि विहिरीत पोहणं बंद. कानामागे सूज येऊन कान पुढे ढकललेला दिसला, तोंड वाकडं झालं, मान ताठरली किंवा मूल गुंगीत गेलं, तर रात्र असली तरी थांबू नका, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय गाठा.

बरं झाल्यावरही पडद्यामागे पाणी काही आठवडे राहतं आणि कमी ऐकू येतं. तीन महिन्यांनंतरही मूल हाकेला ओ देत नसेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्रवण तपासून घ्या.